नमुने गेले, निष्कर्ष परतले नाहीत

१९८२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ व्हायरॉलॉजी’ या युरोपातील नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जर्मन संशोधकांनी लायबेरियातील माणसांचे रक्त तपासले होते आणि त्यांपैकी काहींच्या रक्तात इबोला विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. याचा अर्थ हा विषाणू त्या देशात येऊन गेला होता, कदाचित मुक्कामालाच होता. निबंधाच्या शेवटी संशोधकांनी शास्त्रीय लेखनाच्या संयत भाषेत नोंदवले होते की, इबोला कायम वसलेला असतो अशा क्षेत्रात लायबेरियाचा समावेश करावा लागेल, आणि असा रुग्ण कधीही समोर येऊ शकतो हे ध्यानात ठेवून तिथल्या आरोग्यकेंद्रांनी रुग्णालयातूनच साथ पसरणार नाही याची तयारी ठेवावी. २०१४ साली साथ आली ती बऱ्याच अंशी अशीच, रुग्णालयांमधूनही पसरत, परिचारिका आणि डॉक्टरांनाही गाठत. लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून ११ हजारांहून अधिक माणसे दगावली.

एप्रिल २०१५ मध्ये लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्निस डान यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. आपल्या देशाला इशारा मिळालेला होता आणि तो आपल्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, हे त्यांना तेहतीस वर्षांनी कळले होते. त्यांनी सांगितलेला एक तपशील पुढे बराच गाजला : असा एक निबंध उतरवून घ्यायला ४५ डॉलर पडत होते आणि तिथल्या डॉक्टरच्या दृष्टीने ते अर्ध्या आठवड्याचे वेतन होते. मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे संशोधन सर्वांना फुकट वाचता यावे या, चळवळीतील लोकांनी हा आकडा हातोहात उचलला. मला मात्र त्याच लेखातील दुसरे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. या विषयावरच्या निबंधांपैकी एकाचाही सहलेखक लायबेरियन नव्हता. संशोधक आले, नमुने घेतले, परत गेले आणि आपल्याकडच्या नियतकालिकात छापून मोकळे झाले.

समजा, तो निबंध १९८२ पासून फुकट उपलब्ध असता, तर काय झाले असते? मला वाटते, फारसे काही नाही. तो शोधायला हवा हे ठाऊक असणारे माणूसच त्या देशात नव्हते. उलट निबंध कुलूपबंद राहिला असता, पण त्याच्या लेखकांत मन्रोव्हियातील एखाद्या तरुण डॉक्टरचे नाव असते, तर त्या माणसाने पुढची तीस वर्षे ही माहिती डोक्यात वागवली असती, विद्यार्थ्यांना सांगितली असती, आरोग्य खात्यातील वरिष्ठांना सांगून सांगून वैताग आणला असता. (अशा वैताग आणणाऱ्या माणसांवर देशांची आरोग्यव्यवस्था किती अवलंबून असते, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.) विकसनशील देशांशी ज्ञान न्यायाने वाटून घेण्याची चर्चा निघाली की ती लगेच किमतीवर आणि कुलपांवर जाते. त्या चर्चेत खोट काही नाही. पण उघडेपणा ही एक गोष्ट आहे आणि न्याय ही दुसरी. पहिली साधली की दुसरी आपोआप साधते, असा आपला समज झालेला आहे.

किमतीचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे मी म्हणू शकत नाही, कारण माझी नोकरीची वर्षे एका संशोधन-ग्रंथालयात गेली. नियतकालिकांची यादी दर वर्षी समोर येई आणि त्यातील कोणती बंद करायची, एवढाच प्रश्न समितीपुढे असे. संगणकाआधीच्या काळात आमचा आधार होता तो रिप्रिंट कार्डांचा. ‘करंट कंटेंट्स’ नावाचे एक छोटेखानी साप्ताहिक येत असे. त्यात जगभरच्या नियतकालिकांची केवळ अनुक्रमणिका छापलेली असे आणि शेवटी लेखकांचे पत्ते. संशोधक त्यावर पेन्सिलीने खुणा करून देत. मग छापील कार्डावरच्या मोकळ्या जागांत निबंधाचे शीर्षक, खंड, अंक, पृष्ठे टंकलिखित करून ते कार्ड लेखकाला पाठवायचे. प्रकाशकाकडून लेखकाला त्याच्या निबंधाच्या काही सुट्या प्रती मिळत; त्यांतली एक कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी जाड पाकिटातून येऊन पडे, क्वचित त्यावर सही आणि शुभेच्छांची एखादी ओळही असे. अनोळखी माणसे स्वतःच्या खर्चाने टपाल पाठवत होती. या व्यवहाराबद्दल मला आजही आदर वाटतो, तरी त्याची मर्यादा उघड होती : देणाऱ्याच्या मनात आले तर मिळे, आणि तो विसरला तर तक्रार कुणाकडे करणार?

पुढे हेच दातृत्व मोठ्या प्रमाणावर आणि संस्थात्मक रूपात आले. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांना बरोबर घेऊन ‘हिनारी’ हा कार्यक्रम सुरू केला. गरीब देशांतील संस्थांना वैद्यकीय नियतकालिके फुकट किंवा नाममात्र शुल्कात वाचता येऊ लागली. शेती, पर्यावरण, तंत्रज्ञान आणि कायदा या विषयांसाठी तसेच कार्यक्रम नंतर निघाले. त्यामुळे अनेक देशांतील संशोधन तगले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कोणता देश पात्र ठरेल, हे मुख्यतः राष्ट्रीय उत्पन्नाच्या निकषांवर ठरते. देशाचे सरासरी उत्पन्न वाढले म्हणून तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या ग्रंथालयाचे अंदाजपत्रक वाढते, असे कुठे घडत नाही. शिवाय देणगी ती देणगीच. २०११ च्या जानेवारीत बांगलादेशातील ग्रंथपालांना कळवण्यात आले की, काही प्रकाशकांची अडीच हजारांच्या आसपास नियतकालिके यापुढे या योजनेतून मिळणार नाहीत. कारण? त्या देशात आता थोडी विक्री होऊ लागली होती. गदारोळ झाला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने टीका केली, प्रकाशक माघारी फिरले आणि प्रवेश पूर्ववत झाला. शेवट गोड झाला खरा. पण ज्या गोष्टीसाठी गदारोळ करावा लागतो तिला हक्क म्हणता येत नाही, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सत्ताविसावे कलम तर स्पष्टपणे म्हणते की वैज्ञानिक प्रगतीत आणि तिच्या लाभांत सहभागी होण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

मुक्त प्रवेशाने कुलूप उघडले, पण त्याचबरोबर एक गंमत झाली. वाचकाकडून घेतले जाणारे पैसे बऱ्याच नियतकालिकांनी लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. ‘नेचर’ने २०२१ पासून मुक्त प्रवेशाचा पर्याय दिला, तेव्हा एका निबंधासाठी जाहीर केलेले शुल्क ९,५०० युरो होते. बहुतेक मोठे प्रकाशक सर्वांत गरीब देशांतील लेखकांना पूर्ण माफी देतात, त्याच्या वरच्या पायरीवरील देशांना निम्मी, आणि त्याच्याही वर काही नाही. आता अशा शुल्काच्या निम्मे म्हणजे काय, हे ज्याने संशोधनाचे अंदाजपत्रक एकदा तरी बनवले आहे त्याला सांगायला नको. पूर्वी गरीब देशातल्या संशोधकाला इतरांचे काम वाचता येत नव्हते. आता त्याला ते वाचता येते, पण स्वतःचे काम त्याच व्यासपीठावर मांडता येत नाही. यांपैकी दुसरी अवस्था अधिक अपमानकारक आहे, असे माझे मत आहे. तिच्यात तुम्ही कायमचे श्रोते ठरता.

लॅटिन अमेरिकेने या बाबतीत वेगळी वाट काढली आणि तिच्याकडे उरलेल्या जगाने अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सिएलो’ हे नियतकालिकांचे खुले ऑनलाइन व्यासपीठ उभे राहिले, मेक्सिकोतील एका विद्यापीठातून ‘रेडालिक’ हे तसेच व्यासपीठ चालू लागले. तिथे बहुतांश नियतकालिके विद्यापीठांच्या आणि सार्वजनिक पैशावर चालतात. वाचकाला पैसे पडत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी लेखकालाही पडत नाहीत. मजकूर स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्येही असतो, म्हणजे ज्या परिसराविषयी संशोधन झाले तिथल्या माणसाला तो वाचता येतो. इंग्रजी जगाने ही व्यवस्था दुय्यम मानली, कारण त्या नियतकालिकांचे प्रभावांक, म्हणजे त्यांतील निबंधांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ घेतात याचे माप, कमी होते. प्रभावांक मोजण्याची फूटपट्टी कुणाच्या हातात होती, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही.

एवढे सगळे निबंधांविषयी झाले. पण विज्ञानाचा कच्चा माल कागद नसतो. तो रक्त असतो, बियाणे असते, जीवाश्म असतात, विषाणू असतात, आणि या मालाचा प्रवाह बराच काळ एकाच दिशेने वाहत आलेला आहे.

इंडोनेशियाची हकिगत याबाबत सर्वांत बोलकी आहे. फ्लूच्या विषाणूंवर नजर ठेवणारे एक जागतिक जाळे जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ पासून चालवले आहे. देशोदेशीच्या प्रयोगशाळा रुग्णांचे नमुने फुकट पाठवतात. संघटनेशी संलग्न अशी मोजकी केंद्रे त्यांचा अभ्यास करतात, त्यांतून लसीसाठीचे मूळ विषाणू तयार करतात आणि ते लस-उत्पादक कंपन्यांकडे जातात. २००६ च्या सुमारास एच५एन१ या बर्ड फ्लूने सर्वाधिक माणसे मारली ती इंडोनेशियात. त्या देशाने नियमाप्रमाणे नमुने पाठवले. मग कळले की त्याच्याच विषाणूवर आधारित लस ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने विकसित केली आहे. इंडोनेशियाला त्याचा पत्ताही नव्हता, आणि साथ भडकलीच असती तर ती लस बाजारभावाने आणि श्रीमंत देशांच्या मागण्या पुरवून उरली तरच मिळाली असती. आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने पाठवणे थांबवले. जगभरातून टीकेचा भडिमार झाला. साथीच्या तोंडावर विषाणू दडवून ठेवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वेठीला धरणे, असे म्हटले गेले. आरोप अगदीच निराधार नव्हता, कारण विषाणू कसा बदलतो आहे हे कळले नाही तर पहिला फटका त्या देशातील लोकांनाच बसणार होता. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही : त्यापूर्वी कित्येक वर्षे सभ्यपणे केलेल्या विनवण्यांतून जे साधले नव्हते ते या अडवणुकीतून साधले. २०११ मध्ये सदस्य देशांनी एक चौकट मान्य केली. या जाळ्याचा उपयोग करणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या खर्चाचा वाटा उचलायचा आणि साथीच्या वेळी लसीच्या किंवा औषधांच्या उत्पादनाचा काही भाग संघटनेसाठी राखून ठेवायचा, असे त्यात ठरले. मे २०२५ मध्ये स्वीकारलेल्या महासाथ करारात हेच तत्त्व इतर रोगजंतूंना लावण्याचा प्रयत्न आहे, आणि तिथेही सर्वांत अवघड भाग, म्हणजे नमुने देणाऱ्याला नेमके काय मिळणार हे ठरवणारे परिशिष्ट, मूळ कराराबरोबर पूर्ण झाले नाही. ते पुढच्या वाटाघाटींवर सोडण्यात आले.

जीवाश्मांची गोष्ट यामानाने निरुपद्रवी वाटेल, पण तिच्यात मनोवृत्ती अधिक स्वच्छ दिसते. २०२० च्या डिसेंबरमध्ये खांद्यापासून भाल्यासारख्या लांब पट्ट्या निघालेल्या एका लहानशा डायनोसॉरचे वर्णन ‘उबिराजारा’ या नावाने प्रसिद्ध झाले. जीवाश्म ब्राझीलचा, ठेवलेला जर्मनीतील कार्ल्सरूहच्या संग्रहालयात, आणि लेखकांत ब्राझीलचे कुणी नाही. नाव मात्र तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतून घेतलेले! ब्राझीलमध्ये १९४२ पासून कायद्याने जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे. तिथल्या संशोधकांनी समाजमाध्यमांवर मोहीम उभारली, नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि २०२३ मध्ये तो जीवाश्म मायदेशी परतला. इतकी वर्षे अशी किती तरी हाडे मुकाट्याने गेली असतील.

अशा अनुभवांनी पोळलेल्या देशांनी कायदे केले, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडावेसे वाटते. १९९२ च्या जैवविविधता कराराने जैविक संपत्तीवर देशांचे सार्वभौमत्व मान्य केले. त्याला जोडून २०१० मध्ये झालेल्या नागोया पूरक कराराने लाभाच्या वाटपाची रीत घालून दिली. तत्त्व योग्यच होते. प्रत्यक्षात मात्र अनेक देशांत परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले की त्यात परदेशी औषधकंपनीपेक्षा स्वदेशी कीटकशास्त्रज्ञच आधी अडकला. कंपनीकडे वकील असतात. बेडकांच्या किंवा भुंग्यांच्या नव्या जातीचा शोध घेणाऱ्या, त्यातून एक पैचाही लाभ न होणाऱ्या माणसाकडे फक्त जाळे आणि बाटल्या असतात. त्याला तुलनेसाठी एखादा नमुना परदेशी संग्रहालयात पाठवायचा तर वर्ष वर्ष जाते. विकसनशील देशांतील जीवशास्त्रज्ञांनी याविरुद्ध ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले, तेव्हा त्यांची व्यथा खरी होती. चोर सुटावा आणि घरच्या माणसाची झडती व्हावी, असा हा न्याय आहे.

उघडेपणाचे बक्षीस काय मिळते, हे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये साऱ्या जगाने पाहिले. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना येथील शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचा एक नवा, भरपूर बदल झालेला प्रकार ओळखला, त्याचे जनुकीय क्रम विनाविलंब जगापुढे ठेवले आणि २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. त्यालाच पुढे ओमिक्रॉन हे नाव मिळाले. दोन-तीन दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांवर प्रवासबंदीची माळ लागली, आणि विमाने थांबल्यामुळे तिथल्या प्रयोगशाळांना लागणारी रसायने मिळण्याचीही पंचाईत होऊ लागली. माहिती दडवली असती तर शिक्षा झाली नसती. निदान इतक्या लवकर झाली नसती. मुक्त विज्ञानाविषयी युनेस्कोने आपली शिफारस स्वीकारली ती त्याच महिन्यात.

त्याच साथीत आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. लिहून ठेवलेले ज्ञान आणि हातात असलेले ज्ञान यांत मोठे अंतर असते. मॉडर्ना कंपनीने २०२० मध्येच जाहीर केले होते की साथ चालू असेपर्यंत आपण पेटंटची अंमलबजावणी करणार नाही. मार्च २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वापरलेल्या कुप्यांच्या तळाशी उरलेल्या थेंबांमधून तिच्या लसीतील एमआरएनए या मुख्य घटकाचा जनुकीय क्रम शोधून तो गिटहब या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर टाकला. म्हणजे पेटंटची भीती नाही आणि सूत्रही जाहीर, असे दोन्ही जुळून आले. तरीसुद्धा लस कुठे उगवली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने केपटाउनमधील आफ्रिजेन या कंपनीत प्रशिक्षण आणि तंत्रज्ञानाचे केंद्र उभारले, मूळ उत्पादकाने हात पुढे केला नाही, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या मदतीने प्रकाशित माहिती जुळवत जुळवत फेब्रुवारी २०२२ पर्यंत प्रयोगशाळेच्या पातळीवरची लस तयार केली. एमआरएनएला वेढणारे मेदाचे कण कोणत्या वेगाने मिसळायचे, कोणत्या टप्प्यावर काय बिघडते, बिघडले तर ते कसे ओळखायचे, हे कुठल्याही निबंधात लिहिलेले नसते. ते शेजारी उभे राहून शिकावे लागते. कुणी तरी शेजारी उभे राहू द्यावे लागते.

शेजारी उभे राहून शिकवण्याचे सर्वांत मोठे उदाहरण मला ठाऊक आहे ते बांगलादेशातले, आणि त्यातले ज्ञान कुठल्या श्रीमंत देशाने दान केलेले नव्हते. जुलाबात मीठ, साखर आणि पाणी तोंडावाटे देऊन माणूस वाचवता येतो, हे १९६० च्या दशकात ढाका आणि कोलकाता येथील प्रयोगशाळांमधून सिद्ध होत गेले. त्यात अमेरिकन संशोधक होते तसेच स्थानिकही होते. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महलानबिस यांनी हे मिश्रण रुग्णांच्या नातलगांच्या हाती दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पण मला सांगायचे आहे ते पुढचे. १९८० ते १९९० या काळात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि प्रत्येक आईला चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजून पाणी यांचे मिश्रण तिच्याच भांड्यात, तिच्याच हातांनी करायला लावले. काही आठवड्यांनी दुसरे कर्मचारी निवडक घरांना भेट देत आणि आईला काय काय आठवते ते विचारत. शिकवणारीचा मोबदला त्या उत्तरांवर ठरे! तिने किती घरे केली याला महत्त्व नव्हते. समोरच्या बाईच्या डोक्यात काय उरले, त्याचे पैसे होते. तरी सुरुवातीला असे दिसले की बायांना कृती पाठ आहे, पण वेळ आली की फार थोड्या ती वापरतात. चौकशीअंती कळले की खुद्द कार्यकर्त्यांचाच या उपायावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांशी कुणी बोललेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना हा उपाय प्रत्यक्ष काम करताना दाखवण्यात आला, पुरुषांशी बाजारात आणि मशिदींत बोलणे सुरू झाले. ज्ञानवाटपाच्या कार्यक्रमांचे जे अहवाल मी पाहिले आहेत, त्यांत किती कार्यशाळा झाल्या आणि किती जण हजर होते याचे तक्ते असतात. शिकणाऱ्याच्या उत्तरावर शिकवणाऱ्याची कमाई ठरवण्याची हिंमत कुणी केलेली दिसत नाही.

इबोलाकडे परत जायचे तर काँगोचे विषाणुशास्त्रज्ञ ज्याँ-जाक मुयेम्बे यांचे नाव घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. १९७६ मध्ये यांबुकू गावात अनोळखी तापाची साथ आली, तेव्हा पहिल्यांदा तिथे पोहोचून उघड्या हातांनी रक्त काढणारे ते होते. देशात तपासणीची सोय नव्हती, म्हणून नमुना थर्मासमधून बेल्जियमला गेला, आणि शोधाचा इतिहास पुढे बराच काळ तिकडूनच लिहिला गेला. १९९५ च्या काँगोतील किक्वीट शहरातल्या इबोलाच्या साथीत मुयेम्बे यांनी बरे झालेल्या रुग्णांचे रक्त आठ रुग्णांना दिले, सात वाचले. बाहेरच्या तज्ज्ञांनी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता म्हणून निष्कर्ष बाजूला ठेवला. शास्त्रीय आक्षेप योग्य होता, पण त्या कल्पनेचा पाठपुरावा करायला लागलेला काळ मात्र खटकतो. त्याच साथीतून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तातून, अकरा वर्षांनी, अमेरिकेतील संशोधकांना मिळालेल्या प्रतिपिंडापासून एक औषध तयार झाले. २०१८-१९ मध्ये काँगोतच, साथ चालू असताना आणि सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात, त्या औषधाची इतर तीन औषधांबरोबर रीतसर चाचणी झाली. आधीच्या उपचाराने निम्मे रुग्ण दगावत होते, या औषधाने ते प्रमाण ३५ टक्क्यांवर आले. चाचणीचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि त्याचा पहिला लेखक काँगोचा होता. त्या सुमारास मुयेम्बे यांनी ठरवले की या साथीतील रक्ताचे नमुने देशातच राहतील. ज्याला अभ्यास करायचा असेल त्याने इथे यावे.

त्या अटीचे फळ पुढच्या साथीत दिसले. मंकीपॉक्सचा नवा उपप्रकार काँगोच्या पूर्व भागातील कामितुगा या खाणगावातून २०२४ मध्ये ओळखला गेला, तो किन्शासा या राजधानीतील राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या जनुकीय तपासणीतून. नमुना थर्मासमधून कुठे पाठवावा लागला नाही. लस मात्र त्या देशात पोहोचली ती त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, जागतिक आणीबाणी जाहीर झाल्यावर आणि युरोपीय संघाच्या देणगीतून. तीच लस युरोप-अमेरिकेत २०२२ पासून दिली जात होती, आणि हा रोग माणसात पहिल्यांदा आढळला होता तो काँगोमध्येच, १९७० साली.